मेलला फाईल जोडण्याआधी पाथ कसा तपासायचा (पायथनमध्ये, आणि जाता जाता पीएचपी-नोडमध्ये)

कोडमधून मेल पाठवायचा म्हटलं की अटॅचमेंटच्या आधी बहुतेक जण एकच ओळ लिहितात, फाईल आहे का बघ, असेल तर जोड, नसेल तर एरर दे. आणि ते चालतं पण, महिनोन्महिने चालतं. अडचण अशी आहे की "फाईल आहे का" ला हो उत्तर आलं म्हणून ती फाईल या माणसाला पाठवायची होती असं काही सिद्ध होत नाही. वेबसाईटवर चुकीची फाईल चढली तर निदान उतरवता येते, मेल मात्र एकदा समोरच्या सर्व्हरने घेतला की गेला. त्यामुळे पाथ तपासताना स्वतःला विचारायचं ते हे, की ही फाईल ह्या माणसाला जायची परवानगी आहे का. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच्याच पोटातलं आहे.

उदाहरणाला हाऊसिंग सोसायटीची मेंटेनन्स बिलं घेऊया, कारण सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की कमिटी हे काम कधी ना कधी गळ्यात टाकतेच. एका फोल्डरमध्ये प्रत्येक फ्लॅटची पीडीएफ, एका एक्सेल शीटमध्ये फ्लॅट नंबर आणि मेल आयडी, आणि एक पायथन स्क्रिप्ट जी दर महिन्याच्या एक तारखेला क्रॉनने (ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) चालते. फोल्डरचं नाव धरा '/डेटा/बिलं'. फंक्शनची नावं मी देवनागरीतच लिहितोय, एडिटरमध्ये पहिली दोन-तीन अक्षरं टाकलीत की बाकीचं तो सुचवेल.

पाथ बाहेरून घेऊच नका

शीटमध्ये "फाईलचा पाथ" असा एक कॉलम ठेवायचा मोह होतो, सोपं पडतं, स्क्रिप्ट नुसती ओळ वाचते आणि जोडते. पण मग ती शीट ज्याच्या हातात आहे तो सर्व्हरवरची स्क्रिप्टला वाचता येणारी कुठलीही फाईल कुठल्याही पत्त्यावर पाठवू शकतो, मुद्दाम म्हणा किंवा चुकून. वेब फॉर्ममधून पाथ येत असेल तर विचारूच नका. बाहेरून फक्त फ्लॅट नंबर आणि महिना घ्या, आणि पाथ तुमच्या कोडने स्वतः बनवू द्या, किंवा डेटाबेसमध्ये आयडीसमोर फाईलचं नाव ठेवा आणि आयडीवरून शोधा. निम्मे प्रश्न इथेच मिटतात, खरंच.

हे घाबरवायला सांगत नाहीये, झालेलं आहे. २०२० मध्ये लिनक्सवरच्या इव्होल्यूशन आणि केमेल या दोन्ही मेल प्रोग्राममध्ये असं निघालं की वेबपेजवरच्या मेलटू लिंकमध्ये (दाबली की मेल लिहायची खिडकी उघडते ती) 'अटॅच' नावाचा पॅरामीटर घालून त्यात पाथ दिला की प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरवरची ती फाईल लिहायच्या मेलला जोडूनच उघडायचा. मेलटूचं अधिकृत स्टँडर्ड आरएफसी ६०६८ आहे, त्यात हा पॅरामीटर नाहीच, कोणीतरी सोय म्हणून आत ठेवलेला. युजरने खाली नीट न बघता सेंड दाबलं की एसएसएचची प्रायव्हेट कीसुद्धा (सर्व्हरवर शिरायची गुप्त किल्ली) जाऊ शकते. नंतर दोन्हींनी दुरुस्त केलं.

फ्लॅट नंबर तपासताना एक बारीक गोष्ट. रेगेक्स (मजकुराचा साचा तपासणारा पॅटर्न) लिहिताना शेवटी डॉलरचं चिन्ह टाकून लोक निश्चिंत होतात, पण पायथनमध्ये डॉलर हा शेवटच्या नवीन ओळीच्या आधीसुद्धा जुळतो, म्हणजे फ्लॅट नंबरच्या मागे एक न्यूलाईन चिकटलेली असेल तर ती आत जाते. 'फुलमॅच' वापरा, तिथे पूर्ण मजकूर जुळावा लागतो. दुसरं म्हणजे आकड्यांसाठी बॅकस्लॅश-डी वापरलंत तर त्यात आपले मराठी आकडेही बसतात! 'इजडिजिट'सुद्धा त्यांना हो म्हणतं आणि 'इंट' तर ते व्यवस्थित आकड्यात बदलून देतं. हे एरवी चांगलंच आहे, पण सेक्रेटरींनी शीटमध्ये मराठी कीबोर्डवरून आकडा टाकला, तपासणी पास झाली, आणि डिस्कवर फाईल मात्र इंग्रजी आकड्याच्या नावाने आहे, मग "फाईल सापडत नाही" म्हणून तासभर डोकं खाजवत बसा, कारण लॉगमध्ये सगळं बरोबरच दिसतंय. उपाय सोपा आहे, आधी इंटमध्ये बदला, मग त्या इंटवरूनच फाईलचं नाव बनवा. मूळ मजकूर पुन्हा वापरायचाच नाही.

पाथ घ्यावाच लागला तर त्याला चिकटलेला कचरा

कधी कधी इलाज नसतो, ऑफिसमधल्या अंतर्गत टूलमध्ये माणूस पाथ पेस्ट करणारच. विंडोजवर "कॉपी ॲज पाथ" केलं की पाथच्या दोन्ही बाजूंना डबल कोट येतात, ते काढायला लागतात. पुढे-मागे स्पेस असते. आणि सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे प्रॉपर्टीजच्या सिक्युरिटी टॅबमधून पाथ कॉपी केला की सुरुवातीला एक न दिसणारं कॅरेक्टर येतं, युनिकोडमधलं २०२ए, लिखाणाची दिशा सांगणारं. स्क्रीनवर पाथ एकदम बरोबर, फाईल समोर दिसतेय, आणि पायथन म्हणतंय नाही. असं झालं की 'रेपर' फंक्शनने पाथ प्रिंट करा, सगळे लपलेले पाहुणे उघडे पडतात.

कोडमध्येच विंडोजचा पाथ लिहिताना साधा स्ट्रिंग वापरला तर बॅकस्लॅशच्या पुढे एन आला की नवीन ओळ होते, टी आला की टॅब होतो, आणि 'युझर्स' फोल्डरच्या कॅपिटल यूने तर सरळ सिंटॅक्स एरर येतो. रॉ स्ट्रिंग वापरा किंवा पुढे झुकलेला स्लॅश वापरा, विंडोजला तोही चालतो.

हा कचरा काढायचा तो फक्त माणसाने पेस्ट केलेल्या पाथमधून, आणि एकदाच. "दोन टिंबं (म्हणजे एक फोल्डर वर जा) आणि पुढचा स्लॅश दिसला की काढून टाक" असली सफाई मात्र करू नका. चार टिंबं आणि दोन स्लॅश अशा रीतीने गुंफून दिले की तुमची सफाई मधली टिंबं काढते आणि उरलेल्यातून परत तीच दोन टिंबं तयार होतात. संशयास्पद पाथ दुरुस्त करत बसायचा नसतो, नाकारायचा.

फोल्डरच्या बाहेर पडलाय का

आता मुख्य काम. आपला नियम असा की जोडायची फाईल '/डेटा/बिलं'च्या आतच असली पाहिजे. हे तपासायच्या चुकीच्या पद्धती इतक्या आहेत की आधी त्याच सांगतो.

'ओएस डॉट पाथ डॉट जॉईन' बेस फोल्डर आणि नाव जोडून देतं, पण दुसरा भाग स्लॅशने सुरू होत असेल तर ते पहिला भाग मुकाट्याने टाकून देतं. म्हणजे बेस '/डेटा/बिलं' आणि नाव '/ईटीसी/पासवर्ड' दिलं तर उत्तर '/ईटीसी/पासवर्ड'. हा बग नाहीये, डॉक्युमेंटेशनमध्ये असंच लिहिलंय. पायथनच्या पाथलिब मोड्यूलमध्ये स्लॅशने जोडलं तरी तेच. जॉईन केलं म्हणजे आतच राहिलं असं समजणारे मग गोत्यात येतात.

दुसरी चूक 'स्टार्टस्विथ'. पाथ '/डेटा/बिलं'ने सुरू होतोय का बघितलं, ठीक, पण '/डेटा/बिलं-जुनी/...' पण त्यानेच सुरू होतो की. 'कॉमनप्रीफिक्स' नावाचं फंक्शनसुद्धा असंच अक्षर-अक्षर बघतं, त्याच्या नादी लागू नका, 'कॉमनपाथ' वेगळं आहे आणि ते फोल्डरच्या हिशोबाने बघतं.

तिसरी चूक जरा सभ्य दिसते. पायथन ३.९ पासून पाथलिबमध्ये 'इज-रिलेटिव्ह-टू' आलंय, एक पाथ दुसऱ्याच्या आत आहे का ते सांगतं. पण ते नुसता मजकूर बघून सांगतं, डिस्ककडे ढुंकूनही बघत नाही. '/डेटा/बिलं/../पगार/सगळे' हा पाथ त्याच्या मते बिलंच्या आतच आहे, कारण लिहिलंय तसं.

म्हणून बरोबर क्रम असा. बेस फोल्डरवर आधी 'रिझॉल्व्ह' चालवा, स्क्रिप्ट सुरू होताना एकदाच. मग बेस आणि नाव जोडा. मग त्या जोडलेल्या पाथवर 'रिझॉल्व्ह' चालवा आणि त्याला 'स्ट्रिक्ट' ट्रू द्या. आणि मगच इज-रिलेटिव्ह-टू विचारा. रिझॉल्व्ह दोन टिंबं सोडवतं आणि सिमलिंकचा (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) माग काढून खरी जागा सांगतं, म्हणजे कोणी बिलंच्या फोल्डरात पगाराच्या फाईलची सिमलिंक ठेवली असेल तर तीही पकडली जाते. स्ट्रिक्ट दिलं नाही तर फाईल नसली तरी काहीतरी पाथ बनवून देतं, दिलं तर फाईल नाही म्हणून एक्सेप्शन टाकतं, आपल्याला तेच हवंय. बेसवर रिझॉल्व्ह करायला विसरलात आणि बेस स्वतःच सिमलिंक असेल तर उलटं होतं, सगळ्या चांगल्या फाईली नाकारल्या जातात आणि मग वैतागून कोणीतरी तपासणीच काढून टाकतं.

हार्डलिंक मात्र रिझॉल्व्हला कळत नाही, कारण ते त्याच फाईलचं दुसरं नाव असतं, कुठे निर्देश करत नाही. त्याची फार काळजी असेल तर फाईलच्या स्टॅटमध्ये लिंकची संख्या एकपेक्षा जास्त आहे का बघा. पण माझं मत विचाराल तर त्याआधी बिलंच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी फक्त बिलं बनवणाऱ्या प्रोग्रामला ठेवा. स्क्रिप्टला नुसतं वाचता आलं म्हणजे पुरे. ज्या फोल्डरमध्ये कोणीही काहीही टाकू शकतं त्यावर कितीही हुशार कोड लिहिलात तरी कमीच पडेल.

क्रॉनबद्दल एक. टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये "फाईल नाही" म्हणते त्याचं नेहमीचं कारण रिलेटिव्ह पाथ, क्रॉन होम फोल्डरमधून चालवतो, तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरमधून चालवत होतात. बेसचा पाथ पूर्ण लिहा किंवा स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेवरून काढा. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही "स्टार्ट इन" रिकामं ठेवलं तर हाच घोळ. आणि 'एक्झिस्ट्स'वर विसंबू नका, फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नसली तरी 'ओएस डॉट पाथ डॉट एक्झिस्ट्स' फॉल्सच म्हणतं, फाईल असूनसुद्धा, मग तुम्ही फाईल शोधत बसता आणि भानगड परवानगीची असते.

मराठी नावाच्या फाईली

हे इंग्रजी गाईडमध्ये सापडणार नाही म्हणून जरा थांबतो. 'दुसऱ्या-मजल्याची-बिलं' असं नाव घ्या. त्यातला अर्धा र, तो आडवा वाला, दोन प्रकारे टाईप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत, दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झीरो-विड्थ-जॉईनर. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे. लिनक्सवर फाईलचं नाव म्हणजे नुसते बाईट्स, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ह्या दोन वेगळ्या फाईली. बिलं बनवणाऱ्याने एका कीबोर्डवर नाव दिलं आणि शीट भरणाऱ्याने दुसऱ्यावर, की जुळणी गेली.

त्यात ऱ सुद्धा दोन रूपांत असू शकतो, एकच अक्षर म्हणून किंवा र आणि नुक्ता असे सुटे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईलसिस्टिम नावं सुटी करूनच ठेवायची, त्यामुळे मॅकवरून सर्व्हरवर कॉपी केलेल्या जुन्या फाईलींमध्ये हे निघतं. हा दुसरा प्रकार 'युनिकोडडेटा' मोड्यूलच्या 'नॉर्मलाईज'ला एनएफसी (सुटी अक्षरं जोडून एक करणारं रूप) देऊन सुटतो, पण पहिला, जॉईनरवाला, त्याने सुटत नाही, कारण युनिकोडच्या मते ती दोन रूपं समान नाहीतच.

शिवाय लांबी. लिनक्सच्या नेहमीच्या फाईलसिस्टिमवर एका नावाला २५५ बाईट मिळतात, आणि देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर यूटीएफ-८ मध्ये तीन बाईट खातं, काना-मात्रा-अनुस्वार सगळे वेगळे मोजून. म्हणजे फार तर ८५ कॅरेक्टर. 'बिलं' एवढ्या शब्दालाच बारा बाईट गेले. सभासदाचं पूर्ण नाव, सोसायटीचं पूर्ण नाव, महिना, सगळं नावात कोंबलं तर एक दिवस कोणाच्या तरी लांब आडनावावर येऊन फुटेल.

म्हणून मी तरी डिस्कवरचं नाव साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत ठेवतो, विंग आणि नंबर, बस. मराठी नाव मेल उघडणाऱ्याला दिसायला हवं ना, ते अटॅचमेंटला वेगळं देता येतं, ते पुढे येतंय. मराठीचा अभिमान मेलमध्ये दाखवा, डिस्कवर नको.

तपासली एक, जोडली दुसरी

पाथ तपासणं आणि फाईल उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मधे वेळ जातो, मिलिसेकंद का होईना. तेवढ्यात कोणी फाईल काढून तिथे सिमलिंक ठेवली तर वॉचमनने वहीत एकाचं नाव लिहिलं आणि लिफ्टमध्ये दुसराच शिरला असं होतं. फोल्डरवर तुमचं नियंत्रण असेल तर धोका कमी, पण अपलोडच्या फोल्डरमधून जोडत असाल तर हे करायलाच हवं.

उपाय म्हणजे आधी उघडा, मग उघडलेल्याचीच तपासणी करा. 'ओएस डॉट ओपन'ला नुसतं वाचण्याचा फ्लॅग, त्याबरोबर 'ओ-नोफॉलो' आणि 'ओ-नॉनब्लॉक' द्या. नोफॉलोमुळे शेवटचं नाव सिमलिंक असेल तर उघडतच नाही (फक्त शेवटचं हं, मधल्या फोल्डरचं ते बघत नाही). मग मिळालेल्या डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाईलचा नंबर) 'एफस्टॅट' चालवा आणि 'एस-इजरेग'ने विचारा की ही साधी फाईल आहे ना. फोल्डर असेल, डिव्हाईस असेल, नेम्ड पाईप असेल तर बाहेर. नेम्ड पाईप (एका प्रोग्रामने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं अशी खास फाईल) गमतीदार आहे, पलीकडे कोणी लिहिणारं नसेल तर साधं ओपन तिथेच अडकून बसतं, स्क्रिप्ट ना पुढे ना मागे आणि लॉगमध्ये काही नाही, नॉनब्लॉक त्यासाठीच. आणि '/डेव्ह/झीरो' कोणी दिलं तर वाचतच राहाल, संपतच नाही ते.

तपासून झालं की वाचायचंही त्याच डिस्क्रिप्टरमधून. पाथ परत वापरलात तर सगळी मेहनत वाया. बरेच जण सगळं छान तपासतात आणि शेवटी मेल लायब्ररीला पाथच देतात, ती स्वतः परत उघडते. लायब्ररीला बाईट्स द्या.

मधल्या फोल्डरांचाही बंदोबस्त हवा असेल तर लिनक्स कर्नल ५.६ पासून 'ओपनॲट२' नावाचा सिस्टिम कॉल आहे, त्याला "या फोल्डरच्या खालीच राहा" असं सांगता येतं. गो भाषेत १.२४ पासून 'ओएस डॉट रूट' थेट हेच काम करतं, गोमध्ये लिहीत असाल तर तेच वापरा आणि वरचं बरंचसं विसरा.

आत काय आहे तेही बघा

पाथ बरोबर, फाईल साधी, आणि आत शून्य बाईट. किंवा पीडीएफ अजून लिहून व्हायचीय आणि अर्धीच जोडली गेली. शून्य साईज तर एफस्टॅटमध्येच दिसते, नाकारा. अर्धवटचा इलाज लिहिणाऱ्या बाजूला करायचा, तिथे आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावर 'ओएस डॉट रिप्लेस'ने खऱ्या नावावर आणा, एकाच फाईलसिस्टिमवर हे एका झटक्यात होतं, अर्धी फाईल कोणाला दिसतच नाही.

एक्सटेन्शनवर विश्वास ठेवू नका. 'माईमटाईप्स'चं 'गेस-टाईप' फक्त नाव बघून सांगतं, आत डोकावत नाही. पीडीएफची सुरुवात टक्केवारीचं चिन्ह, पीडीएफ ही तीन कॅपिटल अक्षरं आणि डॅश अशी असते, पहिले पाच बाईट बघा. एक्सेलची नवीन फाईल प्रत्यक्षात झिप असते म्हणून ती पी आणि के या अक्षरांनी सुरू होते. एवढ्याने फाईल सुरक्षित आहे असं नाही, पण पीडीएफच्या नावाखाली एररचं एचटीएमएल पान सेव्ह झालेलं असतं ना, ते नक्की पकडलं जातं आणि ते फार वेळा होतं.

साईजचा हिशोब डिस्कवरच्या आकड्यावर करू नका. मेलमध्ये जाताना फाईल बेस-६४ होते, तीन बाईटचे चार होतात, वर प्रत्येक ७६ अक्षरांनंतर ओळ तुटते, म्हणजे एकूण ३७ टक्क्यांच्या आसपास वाढ. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची मुळातली मर्यादा १०२४०००० बाईट आहे, म्हणजे कोणी बदलली नसेल तर सात एमबीच्या पुढची फाईल पाठवायच्या फंदात पडू नये. तुमच्या सर्व्हरची मर्यादा त्यालाच विचारता येते, एहलोच्या (जोडणी झाल्यावर सर्व्हरला करायचा नमस्कार) उत्तरात 'साईज' म्हणून बहुतेक सर्व्हर सांगतात. वाचतानाही मर्यादेपेक्षा एकच बाईट जास्त मागा, तो जास्तीचा बाईट आला तर फाईल मोठी आहे, थांबा.

बरोबर फाईल, चुकीचा माणूस

इथपर्यंत सगळं पास झालं तरी ए-१० च्या सभासदाला ए-१०१ चं बिल जाऊ शकतं. कसं, तर 'ग्लोब', म्हणजे पॅटर्न देऊन फाईली शोधणारं फंक्शन. नावात महिना-तारीख-वेळ असते म्हणून लोक फ्लॅट नंबर आणि पुढे तारा असा पॅटर्न देतात आणि जे पहिलं सापडेल ते जोडतात. ए-१० आणि तारा म्हटलं की त्यात ए-१०, ए-१०१, ए-१०२ सगळे येतात, आणि ग्लोब काही ठरलेल्या क्रमाने देईल अशी हमीही नाही. पाथ अगदी वैध, फोल्डरच्या आत, साधी फाईल, पीडीएफच. सिक्युरिटीची एकही तपासणी इथे ओरडणार नाही, आणि माझ्या मते वरच्या सगळ्या हल्ल्यांपेक्षा रोजच्या आयुष्यात हीच गोष्ट जास्त नडते, विशेषतः बिलाच्या जागी पगाराची स्लिप किंवा लॅबचा रिपोर्ट असेल तेव्हा.

ग्लोब टाळा, पूर्ण नाव बनवा. ग्लोब लागलाच तर नंबरनंतर डॅशसारखा विभाजक पक्का ठेवा, आणि सापडलेल्या फाईली मोजा, बरोबर एक असेल तरच पुढे जा, शून्य असेल तरी थांबा आणि दोन असतील तरी थांबा. "सगळ्यात नवीन घे" हा शॉर्टकट मोहक आहे पण बिल तयारच झालं नसेल तर तो निवांत मागच्या महिन्याचं बिल पाठवतो. जमलं तर पीडीएफ बनवतानाच एक यादी लिहून ठेवा, फ्लॅट, महिना, फाईलचं नाव आणि एसएचए-२५६ हॅश (फाईलच्या बाईट्सवरून निघणारा ठसा), आणि जोडताना वाचलेल्या बाईट्सचा हॅश त्या यादीशी जुळवा. चार ओळींचं काम आहे.

अटॅचमेंटचं नाव

मेलमध्ये दिसणारं नाव पाथवरून काढू नका, स्वतः द्या. पूर्ण पाथच नावात गेला तर सर्व्हरवरची फोल्डरं कशी आहेत ते सगळ्यांना कळतं. नाव बाहेरून येत असेल तर त्यातल्या नवीन ओळी, स्लॅश आणि कंट्रोल कॅरेक्टर काढा, नवीन ओळीतून मेलच्या हेडरमध्ये भलत्याच ओळी घुसवता येतात. पायथनचा नवा 'ईमेलमेसेज' क्लास हेडरमध्ये नवीन ओळ दिसली की एरर देतो, पण लायब्ररीच्या भरवशावर राहू नये. उजवीकडून डावीकडे लिहायला लावणारं २०२ई हे कॅरेक्टरही काढा, त्याने एक्झी फाईल पीडीएफसारखी दिसवता येते.

मराठी नाव द्यायचं असेल तर 'ॲड-अटॅचमेंट'च्या 'फाईलनेम'मध्ये सरळ देवनागरी द्या, तो आरएफसी २२३१ प्रमाणे एन्कोड करून घेतो. जुन्या पद्धतीने 'कंटेंट-डिस्पोझिशन'चा अख्खा हेडर स्ट्रिंग जोडून हाताने बनवलात तर समोर 'नोनेम' अशी फाईल पोचते आणि मग सभासदांचे फोन चालू होतात. जुनाच क्लास वापरत असाल तर 'ॲड-हेडर'ला फाईलनेम वेगळा पॅरामीटर म्हणून द्या.

पीएचपी आणि नोडवाल्यांसाठी

पीएचपीमेलर या मेल लायब्ररीचा इतिहास वाचण्यासारखा आहे. ५.२.२२ च्या आधी 'एमएसजी-एचटीएमएल'ला बेस फोल्डर दिला नाही तर तो रूट (डिस्कचा सगळ्यात वरचा फोल्डर) धरायचा, म्हणजे मेलच्या एचटीएमएलमधल्या इमेज टॅगमध्ये रिलेटिव्ह पाथ लिहिला की सर्व्हरवरची ती फाईल अटॅच होऊन जायची (सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१७-५२२३). अटॅचमेंटचा पाथ कुठेच घेतलेला नसताना! पुढे २०१८ मध्ये 'ॲड-अटॅचमेंट'ला 'फार' (पीएचपीची आर्काइव्ह फाईल) प्रकारचा पाथ देऊन ऑब्जेक्ट इंजेक्शन (बाहेरच्या डेटातून प्रोग्राममध्ये भलतेच ऑब्जेक्ट बनवून घेणं) करता येतं असं निघालं, ते ६.०.६ मध्ये बंद केलं. मग ६.१.८ मध्ये विंडोजच्या नेटवर्क पाथचा एक वेगळाच त्रास दुरुस्त करताना ते संरक्षण नकळत निघून गेलं आणि ६.४.० पर्यंत भोक परत उघडं राहिलं. पीएचपी ८ पासून फारचा मेटाडेटा आपोआप अनसीरियलाईज होत नाही. पाथ बाहेरून येत असेल तर 'रिअलपाथ' चालवून बेसशी तुलना करा, आणि तुलना करताना बेसच्या शेवटी स्लॅश लावा, नाहीतर तीच बिलं-जुनी वाली चूक.

नोडची मेल लायब्ररी नोडमेलर, तिच्यात अटॅचमेंटच्या 'पाथ'ला फाईलच काय, यूआरएलसुद्धा चालतो. म्हणजे युजरचा डेटा तिथपर्यंत पोचला तर तो तुमच्या सर्व्हरकडून अंतर्गत नेटवर्कवरचं पान आणवून स्वतःला मेल करून घेऊ शकतो. 'डिसेबल-फाईल-ॲक्सेस' आणि 'डिसेबल-यूआरएल-ॲक्सेस' असे दोन पर्याय आहेत, दोन्ही ट्रू करा आणि 'कंटेंट'मध्ये बफर द्या.

पाठवायच्या आधी

पाठवण्याचं लूप दोन भागांत तोडा. पहिल्या फेरीत सगळ्या फ्लॅटच्या फाईली तपासा, एकही मेल न पाठवता. एखादी जरी नापास झाली तरी यादी छापा आणि थांबा, म्हणजे बी विंगला बिलं गेली आणि सी विंगच्या मध्यावर स्क्रिप्ट मेली, आता परत चालवायची तर बी विंगला डबल जाणार, हा प्रकार होत नाही. कोणाला गेलं हे प्रत्येक मेलनंतर लगेच लिहून ठेवा, शेवटी एकदम नको.

टेस्टसाठी एक तात्पुरता फोल्डर करा आणि त्यात मुद्दाम घाण भरा, बाहेर जाणारी सिमलिंक, रिकामी पीडीएफ, पीडीएफ नावाचं एचटीएमएल, नेम्ड पाईप, बिलं-जुनी नावाचा शेजारचा फोल्डर, दोन प्रकारच्या अर्ध्या र ची दोन नावं, मराठी आकड्यातला फ्लॅट नंबर, ए-१० च्या शेजारी ए-१०१. यातलं मराठी आकड्यांचं आणि ए-१० चं उदाहरण बरोबर फाईलवर पोचलं पाहिजे, पाथ शीटमधून घेत नसाल तर अर्ध्या र ची दोन नावं कोणाच्या वाट्यालाच जायला नकोत, बाकीच्यांनी एरर दिला पाहिजे. एररमध्ये पूर्ण पाथ फक्त लॉगमध्ये लिहा, सभासदाला किंवा वेब युजरला "बिल उपलब्ध नाही" एवढंच दाखवा.